ग्रहांची परेड, फोनचा टॉर्च आणि संपत चाललेला अंधार

२५ जानेवारी २०२५, शनिवारची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन, तोही रविवारी. पुण्यापासून दोन तासांवर, सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका गावात आमचा दर हिवाळ्यातला आकाशदर्शनाचा कार्यक्रम होता. आम्ही म्हणजे सात-आठ जण. कुणी सॉफ्टवेअरमध्ये, कुणी शिक्षक, एक जण बँकेत. तीन टेलिस्कोप, चार ताडपत्र्या, आणि ज्यांच्या शेतात आम्ही पसारा मांडतो ते काका.

एरवी पन्नास-साठ माणसं येतात. त्या दिवशी दीडशेच्या आसपास आली. कारण तुम्हालाही आठवत असेल. त्या आठवड्यात प्रत्येकाच्या फोनवर 'ग्रहांची परेड' फिरत होती. काळ्या आकाशात सहा-सात मोठे, रंगीत ग्रह एका रेषेत, शनीची कडी ठळक, खाली डोंगर आणि त्यावर उभं एक जोडपं.

साडेसातच्या सुमारास नववीतली एक मुलगी माझ्याजवळ आली. "दादा, रांग कुठाय?"

मी तिला पश्चिमेला शुक्र दाखवला, त्याच्याजवळचा फिका शनी दाखवला. जवळजवळ डोक्यावर गुरू, पूर्वेला लालसर मंगळ. चार ठिपके, अर्ध्या आकाशात पसरलेले. तिने चारही पाहिले, मग हातातल्या फोनवरचं चित्र पाहिलं, आणि म्हणाली, "एवढंच?"

या 'एवढंच'वर मी गेलं जवळपास वर्षभर विचार करतोय. येत्या २८ फेब्रुवारीला संध्याकाळच्या आकाशात पुन्हा सहा ग्रह असणार आहेत, म्हणजे परेडच्या पोस्ट पुन्हा येणार. त्याआधी नीट मांडून बघू, की फोनने आपल्या आकाशदर्शनाचं नक्की काय केलंय. फायदा किती, तोटा किती. आणि या गोंधळात एक गोष्ट हातातून निसटतेय, ती कोणती.

परेड खोटी होती का?

पूर्ण खोटी नव्हती, म्हणूनच ती पसरली. सगळे ग्रह सूर्याभोवती साधारण एकाच सपाट चकतीत फिरतात. आपणही त्याच चकतीत बसून बघतो, त्यामुळे ग्रह नेहमीच आकाशातल्या एका ठरावीक पट्ट्यात दिसतात. सूर्य आणि चंद्रही त्याच पट्ट्यातून जातात. याला आयनिकवृत्त म्हणतात. म्हणजे ग्रह 'एका रेषेत येणं' ही घटनाच नाही, ते त्या रेषेवरच असतात. कधी कधी बरेचसे ग्रह सूर्याच्या एकाच बाजूला येतात आणि एकाच संध्याकाळी दिसतात, एवढंच वेगळेपण.

त्या रात्री नुसत्या डोळ्यांनी चार दिसत होते. यादीतले उरलेले दोन म्हणजे युरेनस आणि नेपच्यून. युरेनस अगदी काळोख्या आकाशातही डोळ्यांना जेमतेम दिसतो, नेपच्यून तर दुर्बिणीशिवाय दिसतच नाही. रीलमध्ये मात्र सगळे सारखेच तेजस्वी होते.

शनीची तर आणखी मजा. त्याची कडी वर्षानुवर्षं आपल्या दिशेने कमी-जास्त कलत असतात. २३ मार्च २०२५ ला ती पृथ्वीवरून अगदी कडेने दिसणार होती, त्यामुळे जानेवारीतच ती टेलिस्कोपमध्ये बारीक सुईसारखी झाली होती. परवा २२ नोव्हेंबरला पाहिली तेव्हाही तशीच. म्हणजे या हिवाळ्यात कुणी तुम्हाला 'शनीची भव्य कडी' दाखवायचं आश्वासन देत असेल, तर त्याने टेलिस्कोपला डोळा लावलेला नाही असं समजा.

फोनला जे दिसतं ते डोळ्याला का दिसत नाही?

"पण माझ्या मित्राने फोनवर आकाशगंगा काढलीये, ती तर खरी आहे ना?" हा प्रश्न दर वेळी येतो. हो, खरी आहे. फक्त ती एका क्षणाची नाही.

आपला डोळा प्रकाश साठवत नाही. सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात जेवढा येईल तेवढ्यावर चित्र बनवतो आणि पुढे जातो. फोनचा सेन्सर साठवू शकतो. गूगलने २०१९ मध्ये पिक्सेल ४ मध्ये ताऱ्यांच्या फोटोसाठी जो मोड आणला, तो प्रत्येकी १६ सेकंदांपर्यंतच्या अनेक फ्रेम घेतो. असं सुमारे चार मिनिटं चालतं. पृथ्वी फिरते म्हणून दरम्यान तारे सरकतात. सॉफ्टवेअर फ्रेम एकमेकांवर नीट बसवतं, त्यांची सरासरी काढतं, दाणेदारपणा कमी करतं आणि आकाशाचा रंग सावरतं. आता बऱ्याच कंपन्यांच्या फोनमध्ये असं काहीतरी असतं.

त्यात रंगाचा मुद्दा. अंधारात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही. म्हणून मृगातला तेजोमेघ फोटोत गुलाबी-जांभळा, आणि टेलिस्कोपमधून बघितला तर राखाडी धुरासारखा. टेलिस्कोप बिघडलेला नसतो, डोळाच तसा बनलेला आहे.

चंद्राच्या बाबतीत गोष्ट आणखी पुढे गेली. २०२३ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या फोनवरून बराच वाद झाला. कुणीतरी चंद्राचा मुद्दाम धूसर केलेला फोटो कॉम्प्युटरच्या पडद्यावर ठेवला आणि लांबून त्याचा फोटो काढला, तर फोनने त्यात विवरं भरून दिली. जी माहिती समोर नव्हतीच ती फोटोत आली. कंपनीनेही पुढे सांगितलं की चंद्र ओळखून एआयच्या मदतीने तपशील वाढवले जातात.

म्हणजे आता तीन पायऱ्या आहेत. साठवलेला प्रकाश, अंदाजाने भरलेला तपशील, आणि शून्यातून बनवलेलं चित्र. पहिला फोटो आहे, तिसरं पोस्टर आहे, आणि दुसरं मधेच कुठेतरी. रीलवर तिन्ही एकसारखे दिसतात. त्या मुलीची चूक काहीच नव्हती. तिला पोस्टर दाखवून बोलावलं होतं.

तरीही फोनचे उपकार आहेतच

मी इंजिनिअरिंगला असताना पहिल्यांदा गुरू ओळखला तो फोनवरच्या ॲपमुळे. स्काय मॅप किंवा स्टेलॅरियमसारखं ॲप आकाशाकडे धरलं की नावं दाखवतं. यात कॅमेऱ्याचं काहीच काम नाही, हे अनेकांना माहीत नसतं. फोनला जीपीएसवरून तुमची जागा कळते, घड्याळावरून वेळ कळते. ॲक्सेलरोमीटर आणि जायरोस्कोपवरून फोन किती कललाय ते, आणि मॅग्नेटोमीटरवरून उत्तर कुठे ते. एवढ्यावर गणित करून तो आकाशाचा नकाशा दाखवतो. खोलीत छताकडे धरला तरी तोच नकाशा येतो.

यातला सगळ्यात कच्चा दुवा मॅग्नेटोमीटर. कव्हरला चुंबकाचं बटण असेल, तुम्ही गाडीच्या बॉनेटला टेकून उभे असाल, किंवा टेलिस्कोपच्या लोखंडी स्टँडला चिकटून, तर ॲप सरळ चुकीचं सांगतं. कव्हर काढा, गाडीपासून लांब या, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा. तरी शंका असेल तर आधी ओळखीचा तारा शोधा. ॲप व्याधाला व्याध म्हणतंय का? म्हणत असेल तर बाकीचंही साधारण बरोबर असणार.

ॲपमुळे आणखी एक होतं, बातम्या पडताळता येतात. उदाहरण देतो. येत्या ३ मार्च २०२६ ला खग्रास चंद्रग्रहण आहे. 'ब्लड मून'चे फोटो आत्तापासून फिरायला लागले तर नवल नाही. पण भारतीय वेळेनुसार खग्रास अवस्था संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास संपते. तेव्हा महाराष्ट्रात चंद्र उगवलेलाच नसतो. नागपूर-गडचिरोलीकडे उगवत्या चंद्रावर ग्रहणाचा शेवटचा थोडा भाग दिसेल, मुंबईत जवळजवळ काहीच नाही. ॲपमध्ये तारीख पुढे करून, आपलं गाव टाकून बघायला एक मिनिट लागतं. तेवढं केलं तर डोंगरावर लाल चंद्र बघायला पैसे भरून जायची वेळ येणार नाही.

तीच गोष्ट ३आय/ॲटलस या धूमकेतूची. जुलै २०२५ मध्ये सापडलेला हा सूर्यमालेबाहेरून आलेला तिसरा ज्ञात पाहुणा. शास्त्रज्ञांसाठी सोन्यासारखा. पण १९ डिसेंबरला तो पृथ्वीच्या सगळ्यात जवळ येईल तेव्हाही सुमारे २७ कोटी किलोमीटरवर असेल, आणि नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही. 'आज रात्री बघा' असं कुणी लिहिलं असेल तर पुढे पाठवू नका.

दीडशे माणसं, तीन टेलिस्कोप

त्या जानेवारीतल्या रात्रीकडे परत येऊ. सवयीने मी हिशोब मांडला. तीन टेलिस्कोप, प्रत्येकामागे पन्नास जणांची रांग. प्रत्येकाने पाऊण मिनिट पाहिलं तर एक गोष्ट दाखवायला साडेसदतीस मिनिटं. गुरू, मंगळ, मृगातला तेजोमेघ, कृत्तिका, देवयानीची दीर्घिका या पाच गोष्टी म्हणजे तीन तासांहून जास्त. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात निम्मे लोक आयपीसला फोन लावून फोटो घेत होते, एकेकाला दोन-तीन मिनिटं. रात्री दहापर्यंत रांगेतल्या बऱ्याच जणांचं दोनच गोष्टींपुरतं बघून झालं.

त्यात टॉर्च. अंधारात डोळा पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि फोनचा एक पांढरा झोत ते सगळं काही सेकंदांत घालवतो. दीडशे माणसांत दर मिनिटाला कुणीतरी चप्पल शोधतं, कुणी व्हॉट्सॲप बघतं, कुणी सेल्फी घेतं. म्हणजे त्या रात्री कुणाचेच डोळे अंधाराला सरावले नाहीत. आम्ही आयोजक असून आम्हाला हे आधी सुचलं नाही, ही आमची चूक.

तेव्हापासून आम्ही दोन नियम केले. पहिला, रांगेत आधी डोळा, मग फोन. सगळ्यांचं बघून झाल्यावर ज्याला फोटो हवा त्याने थांबावं. आणि फोटो शक्यतो चंद्र आणि गुरूचाच घ्यावा, कारण हातात धरलेल्या फोनने दीर्घिका येत नाही. दुसरा, पडदा लाल. आयफोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीतल्या कलर फिल्टरमधून पूर्ण पडदा लाल करता येतो. अँड्रॉइडवर आकाशाच्या बहुतेक ॲपमध्ये नाइट मोड असतो. ब्राइटनेस तळाला. एलसीडी पडद्याचा फोन असेल तर काळ्या भागातूनही मागचा दिवा झिरपतो, म्हणून नुसत्या डार्क मोडवर भागत नाही. टॉर्चवर लाल पतंगाचा कागद दुहेरी करून रबरबँडने लावला की झालं.

हल्ली आकाशदर्शनाचे पैसे घेऊन होणारे कॅम्पही खूप झालेत. त्यात गैर काही नाही, टेलिस्कोप महाग असतात, जेवण-तंबूचा खर्च असतो. फक्त पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा. तारीख अमावास्येच्या जवळची आहे का? माणसं किती, टेलिस्कोप किती? माहिती देणारा माणूस स्वतः किती वर्षं आकाश बघतोय? ढग आले तर काय? पौर्णिमेच्या रात्री 'मिल्की वे कॅम्प' ठेवणाऱ्याला नकार द्यायला पहिल्याच प्रश्नाचं उत्तर पुरतं. आणि पुण्यातल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या, १९४४ पासून चालत आलेल्या हौशी लोकांच्या संस्था किंवा मुंबईतलं खगोल मंडळ यांचे कार्यक्रम कधी आहेत तेही बघा. तिथे बोलणारी माणसं रीलसाठी आलेली नसतात.

मग हायमास्ट आला

आता त्या निसटणाऱ्या गोष्टीबद्दल.

पावसाळा संपल्यावर २२ नोव्हेंबरला आम्ही त्याच शेतात परत गेलो. गाडी वळणावर आली तेव्हाच दिसलं. गावच्या चौकात नवा हायमास्ट लागला होता. उंच खांब, वर सहा पांढरेशुभ्र एलईडी, तेही थोडे वरच्या बाजूला कललेले. शेत चौकापासून अर्धा किलोमीटर लांब, तरी ताडपत्रीवर आमच्या सावल्या पडत होत्या.

आमचा एक जुना खेळ आहे. मृग नक्षत्राचे चार पाय जोडून जो चौकोन होतो, त्याच्या आत किती तारे दिसतात ते मोजायचं. चार पाय सोडून, बाणाचे तीन धरून. कुठलंही यंत्र लागत नाही. जानेवारीत मला सत्तावीस दिसले होते. नोव्हेंबरात मृग तेवढाच वर येईपर्यंत थांबलो आणि मोजले. चौदा.

मी काकांकडे कुरकुरलो. काका शांतपणे म्हणाले, "दोन महिन्यांमागं बिबट्यानं चौकातनं कुत्रं उचललं. तुमच्या चांदण्या बघायला आमची पोरं अंधारात ठिवायची का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही शहरात रस्ताभर दिवे लावून राहतो, आणि महिन्यातून एक रात्र गावात येऊन म्हणतो, तुमचा अंधार राखा. हे त्यांच्या बाजूने ऐकलं की कसं वाटत असेल, ते तेव्हा कळलं.

थोड्या वेळाने आम्ही दोघं चौकात गेलो. मी काकांना म्हटलं, दिव्याकडे तोंड करून उभे राहा आणि गोठ्याच्या कडेला काय दिसतंय ते सांगा. काही दिसेना, नुसता काळोख. मग म्हटलं, हाताने दिवा झाका. हात कपाळावर धरल्यावर गोठ्याची पायरी दिसली, शेजारी ठेवलेली बादलीही दिसली. काका दोन-तीनदा हात वर-खाली करून बघत राहिले. थेट डोळ्यात येणारा झोत आपल्याला उजेड दिल्यासारखा वाटतो, पण त्यामुळे सावलीतलं दिसायचं बंद होतं. बिबट्या चौकाच्या मधोमध येऊन उभा राहत नाही, तो सावलीतच असतो.

म्हणजे इथे अंधार विरुद्ध उजेड असं भांडणच नाही. प्रश्न उजेड कुठे पडतोय याचा आहे. वर आणि बाजूला गेलेला उजेड ना रस्त्याच्या कामाचा, ना आकाशाच्या. आणि त्याचंही वीजबिल ग्रामपंचायतच भरते.

पेंचमध्ये काय केलं?

हे नुसतं बोलणं नाही, आपल्याच राज्यात झालंय. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला 'डार्क स्काय पार्क' ही आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. भारतातलं असं पहिलंच ठिकाण. बातम्यांमध्ये टेलिस्कोप आणि निरीक्षणाचा मनोरा जास्त आला, पण मला त्यातलं महत्त्वाचं काम वाटतं ते दिव्यांचं. वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या आसपासच्या गावांमधले शंभरहून जास्त दिवे बदलून खाली तोंड करणारे बसवले. गावं अंधारात गेली नाहीत. वाघांच्या जंगलाला लागून असलेल्या गावांनी हे केलं, हे काकांना सांगितल्यावर त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैलावला.

करायचं काय, तर फार थोडं. दिव्याला वरून टोपी किंवा तो पूर्ण खाली वळवलेला. पांढऱ्याऐवजी पिवळसर रंगाचा एलईडी. गरजेपेक्षा जास्त वॅट नको. आणि जिथे शक्य तिथे मध्यरात्रीनंतर कमी करणारा टायमर. यातली टोपी तर कुठलाही पत्र्याचं काम करणारा बनवून देईल.

उपग्रहाला जे दिसलं नाही

इथे तुमचा फोन पुन्हा येतो, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो.

आकाश किती उजळतंय हे मोजायला उपग्रह आहेत. पण रात्रीचे दिवे टिपणारा जो मुख्य सेन्सर वापरला जातो, त्याला निळा प्रकाश जवळजवळ दिसत नाही. तो बनला सोडियमच्या पिवळ्या दिव्यांच्या काळात. जगभर पांढरे एलईडी लागले, त्यांच्या प्रकाशात निळा भाग मोठा. निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो, म्हणजे आकाश जास्त उजळतं, आणि नेमका तोच उपग्रहाच्या नजरेतून सुटतो. शिवाय भिंती आणि जाहिरातींच्या फलकांवरून आडवा जाणारा प्रकाश वरून नीट दिसत नाही.

मग खरं चित्र कुणी दाखवलं? सामान्य लोकांनी. 'ग्लोब ॲट नाइट' नावाचा एक उपक्रम २००६ पासून चालतो. त्यात काहीच विकत घ्यायचं नसतं. फोनवर त्यांची वेबसाइट उघडायची, जागा आणि वेळ टाकायची. समोर एकाच नक्षत्राचे सात-आठ नकाशे येतात, कमी ताऱ्यांपासून जास्त ताऱ्यांपर्यंत. तुमच्या डोक्यावरच्या आकाशाशी जुळणारा नकाशा निवडायचा. संपलं.

२०११ ते २०२२ या काळातल्या अशा ५१,३५१ नोंदी तपासून शास्त्रज्ञांनी जानेवारी २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष मांडला: रात्रीचं आकाश वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत होतं. या वेगाने आठ वर्षांच्या आत दुप्पट. त्यांनीच दिलेलं उदाहरण असं की, जिथे मूल जन्मलं तेव्हा २५० तारे दिसत होते, तिथे ते अठरा वर्षांचं होईपर्यंत १०० उरतील. उपग्रहांच्या आकड्यांवरून ही वाढ खूपच कमी वाटत होती. हजारो लोकांच्या नुसत्या डोळ्यांनी अवकाशातल्या यंत्राची चूक पकडली.

पण त्या नोंदींमधल्या बहुतांश युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या होत्या. म्हणजे जिथे हायमास्ट धडाधड लागतायत, त्या आपल्यासारख्या भागाची नोंदच थोडी. आपलं आकाश उजळतंय, आणि किती उजळतंय हे सांगायला आपल्याकडे आकडा नाही.

माझं सत्तावीसचं चौदा होणं हा पुरावा नाही. त्या रात्री हवेत बाष्प जास्त असेल, माझे डोळे थकले असतील. एका माणसाची एक नोंद काही सिद्ध करत नाही. पण दर हिवाळ्यात त्याच जागेवरून वीस-तीस जणांनी मोजलं, तर पाच वर्षांनी ग्रामपंचायतीसमोर ठेवायला कागद तयार होतो. 'आम्हाला तारे दिसत नाहीत हो' यापेक्षा तो कागद जास्त बोलतो.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आकाशदर्शनाचा कार्यक्रम नुसता बघायचा नको, मोजायचाही असावा. रांगेत उभं राहून कंटाळलेल्या दीडशे लोकांना पाच मिनिटांचं काम द्या: फोन खिशात, मृगातले तारे मोजा, मग फोन काढून नोंदवा. ज्या गर्दीने त्या रात्री आमचा कार्यक्रम बिघडवला, तीच गर्दी मोजायला बसली तर तिच्याइतकं चांगलं यंत्र नाही.

या हिवाळ्यात काय कराल?

१३ डिसेंबरला शनिवार आहे आणि त्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव शिखरावर असेल. कागदावर ताशी शंभराहून जास्त उल्का, गावातून त्याच्या निम्म्या दिसल्या तरी भरपूर. टेलिस्कोप नको, ॲप नको, सतरंजी आणि स्वेटर पुरे. चंद्र दीड-दोनच्या सुमारास उगवतो, त्यामुळे रात्री दहापासून तोवरचा वेळ चांगला.

२० डिसेंबर आणि १७ जानेवारी हे दोन्ही शनिवार अमावास्येला लागून आहेत. गुरू १० जानेवारीला सूर्याच्या बरोबर समोर येतोय, म्हणजे रात्रभर आकाशात असेल. साधी बायनॉक्युलर घेऊन कोपर भिंतीला टेकवलंत तर त्याचे चंद्र दिसतील. आणि २८ फेब्रुवारीची सहा ग्रहांची 'परेड' जरूर बघा, पण बुध आणि शुक्र सूर्य मावळल्यावर पश्चिमेला अगदी खाली असतील, दोन ग्रहांना दुर्बीण लागेल, आणि रांग वगैरे काही नसेल, हे सोबतच्या लहान मुलांना आधीच सांगा.

यातल्या कुठल्याही रात्री, गच्चीवरून असो की गावातून, मृगाच्या चौकोनातले तारे मोजा. ब्रिटनमध्ये दरवर्षी असंच मोजतात, तिथला ठोकताळा असा: दहा किंवा कमी म्हणजे प्रकाशप्रदूषण गंभीर, तीसच्या वर म्हणजे खरा अंधार. माझ्या पुण्यातल्या गच्चीवरून सहा येतात.

आमच्या गावचा हायमास्ट अजून तसाच आहे. सरपंचांनी सांगितलंय की देखभालीला माणूस येईल तेव्हा दिवे खाली वळवून घेऊ. तो कधी येईल माहीत नाही. काकांनी मात्र स्वतःच्या गोठ्याच्या दिव्याला तेलाच्या डब्याचा पत्रा कापून टोपी लावली. त्या रात्री निघताना ते ताडपत्रीवर बसून मृगाकडे बघत बोटं मोजत होते. त्यांना सोळा दिसले. माझ्यापेक्षा दोन जास्त. "चष्मा पुस जरा," म्हणाले.

तो आकडा मी त्यांच्या नावापुढे वहीत लिहून ठेवलाय. पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा मोजू.